पाहिले, ऐकले आणि इंग्रजीत उतरविले

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे रस्त्यांच्या संगमावर वाढलेले ठिकाण होय. जिंतूरहून मंठ्याकडे जाणारा रस्ता येथून जातो आणि सेलू, पाथरीकडे जाणारा रस्ता येथेच फुटतो. एस.टी.ची वाट पाहणारे प्रवासी, कापसाने भरलेली वाहने, ट्रॅक्टर आणि शाळेला जाणारी मुले यांची अशा फाट्यावर सदैव वर्दळ असते. दिवसभरात तेथे जे काही घडते ते कोणी ना कोणी पाहत असते, कोणी ना कोणी ऐकत असते. बहुतेक घटना पाहणाऱ्याच्या मनातूनही लवकरच पुसल्या जातात. परंतु एखाद्या दिवशी अपघात होतो, बांधावरून हाणामारी होते किंवा कोणी कोणाला धमकी देतो. आणि मग त्या क्षणापर्यंत केवळ वाटसरू असलेला मनुष्य साक्षीदार होतो. त्याने काय पाहिले आणि काय ऐकले, हे कागदावर येते.

हा कागद प्रथम मराठीत लिहिला जातो. पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर करण्याची वेळ आली की ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ या दोन साध्या क्रियापदांपाशी चांगल्या जाणकारांचीही लेखणी अडखळते. इंग्रजीत या क्रियापदांच्या पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या क्रियापदाचे रूप कोणते असावे, याविषयी एक लहानसा नियम आहे. तो पुष्कळदा गुण मिळविण्यापुरता पाठ केला जातो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. वस्तुतः साक्षीदाराने घटना संपूर्ण पाहिली, अर्धी पाहिली, घडून गेल्यावर पाहिली की नुसती ऐकिवात आली, हे सांगण्याचे काम तोच नियम करतो. शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि ग्रामपंचायतीचे सदस्य या तिघांनाही तो नीट समजून घेण्याचे प्रयोजन आहे.

मराठी कागदाचा इंग्रजीपर्यंतचा प्रवास

निजामी राजवटीत मराठवाड्याच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा ठरली. जिल्हा व तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ मध्ये निघाली. गावातील मनुष्याचे म्हणणे त्याच्याच भाषेत नोंदले जावे, ही अपेक्षा या वाटचालीमागे आहे.

तथापि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाच्या व सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. परभणी जिल्ह्यातील प्रकरण अपिलात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर जाते, तेव्हा मराठी साक्षीचे आणि पंचनाम्याचे इंग्रजी भाषांतर पुढे ठेवण्याचा प्रसंग वारंवार येतो. वर बसलेल्या न्यायाधीशांसमोर साक्षीदार नसतो, फाटाही नसतो. असतो तो केवळ कागद. त्या कागदावरील एका क्रियापदाच्या रूपात जर फरक पडला, तर साक्षीचा अर्थ बदलू शकतो.

कायद्यालाही ‘पाहणे’ व ‘ऐकणे’ या क्रियांचे मोठे महत्त्व वाटते. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ६० मध्ये तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, असा दंडक होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अंमलात आला आणि तोच दंडक त्याच्या कलम ५५ मध्ये कायम राहिला. पाहण्याजोगी गोष्ट असेल तर ती स्वतः पाहिली असे सांगणाऱ्याची साक्ष हवी. ऐकण्याजोगी असेल तर ती स्वतः ऐकली असे सांगणाऱ्याची हवी. अन्य इंद्रियाने जाणवणारी असेल तर ती त्या इंद्रियाने जाणवली असे सांगणाऱ्याची हवी, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ज्या क्रियापदांविषयी इंग्रजी व्याकरणात वेगळा नियम आहे, त्याच क्रियापदांवर पुराव्याच्या कायद्याचाही भर आहे.

राज्याच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि तेव्हापासून प्रशासनासाठी व विविध शास्त्रांसाठी परिभाषेचे कोश तयार झाले. कोशात शब्द सापडतो; वाक्याची घडण मात्र ज्याची त्यानेच शिकावी लागते.

नियमाचे स्वरूप

‘सी’ म्हणजे पाहणे, ‘हिअर’ म्हणजे ऐकणे, ‘फील’ म्हणजे स्पर्शाने जाणवणे, ‘वॉच’ म्हणजे लक्ष देऊन पाहत राहणे, ‘नोटिस’ म्हणजे नजरेस येणे आणि ‘ऑब्झर्व्ह’ म्हणजे निरीक्षण करणे. ही सारी इंद्रियांना येणाऱ्या अनुभवाची क्रियापदे होत. कर्तरी प्रयोगात अशा क्रियापदानंतर, ज्याला पाहिले किंवा ऐकले तो शब्द कर्माच्या रूपात येतो. आणि त्याच्यानंतर दुसरे क्रियापद अगदी मूळ रूपात येते. त्याला ‘टू’ लागत नाही, भूतकाळाचा प्रत्यय लागत नाही, तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘स’ही लागत नाही.

‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ म्हणजे त्याने रस्ता ओलांडला, हे मी पाहिले. ‘वुई हर्ड द ड्रायव्हर शाउट’ म्हणजे चालक ओरडला, तो आम्ही ऐकला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्या वेळचा अनुभव सांगणारा मनुष्य इंग्रजीत ‘आय फेल्ट द ग्राउंड शेक’ असे म्हणेल. जमीन हादरली, ती मला जाणवली.

मराठी माणसाच्या हातून येथे प्रामुख्याने दोन चुका होतात. पहिली चूक ‘आय सॉ हिम टू क्रॉस’ ही होय. क्रियापदाच्या मूळ रूपाआधी ‘टू’ असतो, हे लहानपणापासून मनावर बिंबलेले असते. म्हणून तो येथेही आपोआप येतो. दुसरी चूक ‘आय सॉ हिम क्रॉस्ड’ ही होय. घटना भूतकाळातील आहे, मराठीत ‘ओलांडला’ असे आहे, तेव्हा इंग्रजीतही भूतकाळ हवा, असे वाटते. परंतु काळ दाखविण्याचे काम ‘सॉ’ या शब्दाने एकदा केलेले आहे. दुसऱ्या क्रियापदाने ते पुन्हा करावयाचे नसते.

‘टू’ का नाही?

सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाचे हे रूप शेवटी एक प्रत्यय लावून होत असे. त्याला ‘टू’ची गरज नव्हती. ‘टू’ हे मूळचे ‘कडे’ किंवा ‘साठी’ अशा अर्थाचे अव्यय. हेतू किंवा दिशा दाखवावयाची असेल तेव्हा ते क्रियापदाच्या एका निराळ्या रूपाआधी येई. पुढे शब्दांच्या शेवटचे प्रत्यय झिजून गेले आणि ‘टू’चा वापर सर्वत्र पसरला. मात्र ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘विल’ यांसारख्या सहायक क्रियापदांनंतर आणि पाहणे-ऐकणे या अर्थाच्या क्रियापदांनंतर जुनी रीत टिकून राहिली. म्हणून ज्याला आज अपवाद म्हटले जाते, तो वास्तविक अधिक जुना नियम आहे.

मराठीच्या जाणकाराला हा भेद अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ‘मी त्याला यायला सांगितले’ असे मराठीत म्हणतात, परंतु ‘मी त्याला यायला पाहिले’ असे कोणीही म्हणत नाही. सांगितले तेव्हा येणे अद्याप पुढे होते. पाहिले तेव्हा येणे डोळ्यांसमोर होते. इंग्रजीतही ‘आय टोल्ड हिम टू कम’ आणि ‘आय सॉ हिम कम’ असाच भेद आहे. ज्या ठिकाणी मराठी ‘यायला’, ‘येण्यास’ ही रूपे घेत नाही, त्या ठिकाणी इंग्रजीत ‘टू’ घालण्यापूर्वी थांबून विचार करावा, एवढे पथ्य पाळले तरी पहिली चूक बहुतांशी टळते. ‘यायला लावले’ आणि ‘येऊ दिले’ यांबाबत मात्र ही खूण उपयोगी पडत नाही. कारण इंग्रजीत ‘मेक’ व ‘लेट’ या क्रियापदांनंतरही ‘टू’ येत नाही. ‘ही मेड मी वेट’, ‘ही लेट मी गो’ ही वाक्ये सर्वांच्या परिचयाची आहेत.

संपूर्ण घटना आणि चालू घटना

नियमाचा खरा गाभा येथून पुढे आहे. पाहणे-ऐकणे या क्रियापदांनंतर इंग्रजीत मूळ क्रियापद येते, तसेच ‘इंग’ प्रत्यय लागलेले रूपही येते. दोन्ही शुद्ध आहेत. परंतु अर्थ एक नाही.

‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ म्हणणाऱ्याने तो मनुष्य या कडेवरून निघालेला आणि त्या कडेला पोहोचलेला पाहिला. घटना आरंभापासून अखेरपर्यंत त्याच्या नजरेसमोर झाली. ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’ म्हणणाऱ्याची दृष्टी गेली तेव्हा तो मनुष्य रस्त्याच्या मध्ये कोठेतरी होता. तो पलीकडे पोहोचला की नाही, याविषयी हे वाक्य काहीच सांगत नाही. यावर एक सोपी कसोटी आहे. ‘क्रॉसिंग’च्या वाक्याला ‘परंतु मध्येच त्याला वाहनाची धडक बसली’ असे जोडता येते. ‘क्रॉस’च्या वाक्याला ते जोडले तर वाक्य स्वतःलाच खोडून काढते.

अपघाताच्या प्रकरणात हा भेद किती मोलाचा आहे, हे सांगावयास नको. समजा, फाट्यावर एक ट्रक उलटला आणि तीन जणांनी त्याविषयी सांगितले. पहिला म्हणाला, ‘ट्रक वळणावर आला आणि उलटला, हे मी पाहिले.’ दुसरा म्हणाला, ‘मी ट्रक उलटताना पाहिला.’ तिसरा म्हणाला, ‘मी ट्रक उलटलेला पाहिला.’ इंग्रजीत पहिल्याचे वाक्य ‘आय सॉ द ट्रक ओव्हरटर्न’, दुसऱ्याचे ‘आय सॉ द ट्रक ओव्हरटर्निंग’ आणि तिसऱ्याचे ‘आय सॉ द ट्रक ओव्हरटर्न्ड’ असे होईल. तिन्ही वाक्यांत फरक आहे तो केवळ शेवटच्या शब्दाच्या अखेरीस. परंतु ट्रकचा वेग किती होता, तो कोणत्या बाजूने आला, हे प्रश्न पहिल्याला विचारता येतील. दुसऱ्याला काही प्रमाणात विचारता येतील. तिसऱ्याला विचारण्यात काही अर्थ नाही. तो आला तेव्हा ट्रक आडवा पडलेला होता. तिघांच्याही साक्षीचे भाषांतर घाईने ‘ओव्हरटर्निंग’ असे झाले, तर पहिल्याच्या साक्षीचे वजन कमी होते आणि तिसऱ्याला जे दिसलेच नाही ते त्याच्या तोंडी जाते.

क्षणात संपणाऱ्या क्रियांच्या बाबतीत भेद आणखी स्पष्ट होतो. ‘आय हर्ड हिम नॉक’ म्हणजे त्याने दार एकदा ठोठावले, असा सहज अर्थ होतो. ‘आय हर्ड हिम नॉकिंग’ म्हणजे तो दार ठोठावत राहिला होता. गोळीबाराच्या प्रकरणात ‘फायर’ आणि ‘फायरिंग’ यांमध्ये एक गोळी आणि अनेक गोळ्या इतके अंतर पडू शकते.

याउलट जी क्रिया नसून स्थिती आहे, तिच्यासाठी ‘इंग’चे रूपच योग्य ठरते. अतिवृष्टीनंतरच्या पाहणीत ‘कापसाच्या शेतात पाणी साचलेले पाहिले’ असे लिहिलेले असेल, तर ‘वुई सॉ वॉटर स्टँडिंग इन द कॉटन फील्ड’ असे भाषांतर करावे. पाणी शेतात येण्याचा प्रसंग पाहणी करणाऱ्यांनी पाहिलेला नाही; पाणी तेथे होते, एवढेच पाहिले. कालव्याचे पाणी बांध ओलांडून आत शिरले, ते शेतकऱ्याने समक्ष पाहिले असेल, तर मात्र ‘आय सॉ द वॉटर एंटर माय फील्ड’ हे वाक्य त्याच्या म्हणण्याला न्याय देईल.

‘ताना’चा घोटाळा

मराठीतील ‘ताना’ हा प्रत्यय मोठा सोयीचा आहे. परंतु भाषांतरात तोच दगा देतो. ‘मी त्याला बाजारातून येताना पाहिले’ या वाक्यात बाजारातून कोण येत होते? सामान्यतः ‘तो’ असा अर्थ घेतला जाईल. पण बोलणारा स्वतः बाजारातून येत असेल, तरी हेच वाक्य त्याच्या तोंडून निघू शकते. बोलण्यात संदर्भ असतो, हातवारे असतात, प्रश्न विचारता येतो. कागदावर यांपैकी काही उरत नाही.

अशा वाक्याचे शब्दशः भाषांतर ‘आय सॉ हिम व्हाइल कमिंग फ्रॉम द मार्केट’ असे केले जाते. ‘येताना’साठी ‘व्हाइल कमिंग’ हा प्रयोग मराठी भाषकांच्या इंग्रजीत अतिशय रूढ आहे. परंतु इंग्रजी वाचणारा त्यातून बोलणारा मनुष्यच बाजारातून येत होता, असा अर्थ काढील. दुसरा येत होता असे म्हणावयाचे असेल, तर ‘व्हाइल’ गाळून ‘आय सॉ हिम कमिंग फ्रॉम द मार्केट’ असे लिहावे. बोलणारा स्वतः येत होता असे म्हणावयाचे असेल, तर ‘व्हाइल आय वॉज कमिंग फ्रॉम द मार्केट, आय सॉ हिम’ असे कर्ता स्पष्ट करून लिहावे. मूळ क्रियापदाच्या रचनेत मात्र हा संशय उत्पन्न होत नाही. ‘आय सॉ हिम कम आउट ऑफ द शॉप’ या वाक्यात दुकानातून बाहेर पडला तो ‘तो’च.

मराठीची आणखी एक सवय ध्यानात ठेवावी. घटना संपूर्ण पाहिलेली असली तरी बोलण्याच्या ओघात मराठी मनुष्य ‘ताना’च वापरतो. ‘मी त्याला सही करताना पाहिले’ म्हणणाऱ्याने सही पुरी झालेली पाहिली असण्याचाच संभव अधिक. दस्तऐवजावरील सहीच्या साक्षीदाराच्या बाबतीत तर हा कळीचा मुद्दा ठरतो. म्हणून ‘ताना’ दिसला की ‘इंग’ लिहावे, असा यांत्रिक नियम करू नये. सही पुरी झालेली पाहिली असल्याची खात्री असेल, तर ‘आय सॉ हिम साइन’ हेच भाषांतर खरे.

स्वतः ऐकले की ऐकिवात आले?

‘त्याने रखवालदाराला धमकी दिल्याचे मी ऐकले.’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ संभवतात. धमकीचे शब्द बोलणाऱ्याच्या कानावर प्रत्यक्ष पडले, हा एक. आणि धमकी दिली गेल्याची वार्ता त्याने दुसऱ्याकडून ऐकली, हा दुसरा. कायद्याच्या दृष्टीने या दोहोंत मोठे अंतर आहे. पहिला प्रत्यक्ष पुरावा होय. दुसरी ऐकीव माहिती होय.

इंग्रजीत हे दोन अर्थ दोन वेगळ्या रचनांनी सांगितले जातात. ‘आय हर्ड हिम थ्रेटन द वॉचमन’ म्हणजे धमकी माझ्या कानांनी ऐकली. ‘आय हर्ड दॅट ही हॅड थ्रेटन्ड द वॉचमन’ म्हणजे तशी बातमी माझ्यापर्यंत आली. ‘दॅट’ आला की इंद्रियाचा अनुभव मागे पडतो आणि समजलेली गोष्ट पुढे येते. ‘सी’ या क्रियापदाचेही असेच आहे. ‘आय सॉ द बस लीव्ह’ म्हणणाऱ्याने बस निघालेली डोळ्यांनी पाहिली. ‘आय सॉ दॅट द बस हॅड लेफ्ट’ म्हणणाऱ्याने रिकामा थांबा पाहिला आणि बस गेली असावी, हे ओळखले.

मराठी वाक्य संदिग्ध असेल तेथे भाषांतरकाराने आपल्या मनाने एक अर्थ निवडणे धोक्याचे आहे. मूळ नोंद करणाऱ्यानेच ‘समक्ष ऐकले’, ‘माझ्या कानांनी ऐकले’ किंवा ‘अमक्याकडून समजले’ असे स्पष्ट लिहून घेतले, तर पुढचा सारा गोंधळ टळतो. गावपातळीवर या बाबतीत पोलीस पाटलांचे आणि पंच म्हणून सही करणाऱ्या नागरिकांचे दायित्व लहान नाही.

कर्मणी प्रयोगात ‘टू’ परत येतो

शासकीय भाषेला कर्मणी प्रयोग प्रिय आहे. ‘मी पाहिले’ यापेक्षा ‘पाहण्यात आले’ असे लिहिण्याकडे कल असतो. इंग्रजीत वाक्य कर्मणी झाले की गाळलेला ‘टू’ परत येतो. ‘दे सॉ हिम एंटर द शॉप’ याचे कर्मणी रूप ‘ही वॉज सीन टू एंटर द शॉप’ असे होते. ‘ही वॉज सीन एंटर’ हे अशुद्ध होय. ‘हिअर’ व ‘मेक’ यांबाबतही तसेच. ‘ही वॉज हर्ड टू से’, ‘ही वॉज मेड टू वेट’. ‘इंग’चे रूप मात्र बदलत नाही, ‘ही वॉज सीन एंटरिंग द शॉप’ हे शुद्ध आहे.

तथापि व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही कर्मणी वाक्य साक्षीच्या कागदात उणे पडते. ‘त्याला दुकानात शिरताना पाहण्यात आले’ असे म्हटल्यावर कोणी पाहिले, हा प्रश्न तसाच राहतो, आणि कायदा तर नेमके तेच विचारतो. म्हणून ज्याने पाहिले त्याच्या नावाने कर्तरी वाक्य लिहावे, हे बरे.

काही वेगळी क्रियापदे

वास येणे या अर्थाच्या ‘स्मेल’ या क्रियापदानंतर मूळ क्रियापद येत नाही. ‘इंग’चेच रूप येते. गंजीला आग लागल्याचा वास आला, तर ‘आय स्मेल्ट समथिंग बर्निंग’ असे लिहावे. आढळणे या अर्थाचे ‘फाइंड’ आणि पकडणे या अर्थाचे ‘कॅच’ ही क्रियापदेही अशा प्रसंगी ‘इंग’चे रूप घेतात, ‘ही वॉज कॉट स्टीलिंग’ म्हणजे तो चोरी करताना पकडला गेला.

‘फील’ या क्रियापदाचे दोन उपयोग आहेत. स्पर्शाचा अनुभव असेल तर मूळ क्रियापद येते. ‘आय फेल्ट समवन टच माय शोल्डर’. मत सांगावयाचे असेल तर ‘टू बी’ येते. ‘आय फेल्ट हिम टू बी ऑनेस्ट’, म्हणजे तो प्रामाणिक असल्याचे माझे मत झाले. पहिल्या वाक्यात अनुभव आहे, दुसऱ्यात मत आहे, आणि येथेही ‘टू’ची उपस्थिती दोहोंतील सीमारेषा दाखविते.

नकाराची जागा

नकार कोठे ठेवावयाचा, याकडे विशेष लक्ष द्यावे. ‘त्याला सही करताना मी पाहिले नाही’ आणि ‘त्याने सही केली नाही, हे मी पाहिले’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्या माणसाने सही पाहिलेली नाही. तो कदाचित तेथे नसेलही. दुसरा माणूस तेथे अखेरपर्यंत होता आणि सही झालीच नाही, असे तो ठामपणे सांगतो. पहिल्याचे इंग्रजी ‘आय डिड नॉट सी हिम साइन’ असे होईल. दुसऱ्याचे ‘आय सॉ दॅट ही डिड नॉट साइन’ असे होईल. न पाहणे म्हणजे न घडणे नव्हे, हा साधा विचार भाषांतरात हरवता कामा नये.

शाळेत आणि कार्यालयात

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्यांचे इंग्रजी पोसले, त्यांना मराठी वाक्यापासून इंग्रजी वाक्यापर्यंत जाण्याची सवय होती. ती सवय टाकून देण्यासारखी नाही. मात्र शब्दाला शब्द ठेवण्याऐवजी अर्थाला अर्थ ठेवण्याचे वळण लावले पाहिजे.

शिक्षकांना त्यासाठी एक सोपा पाठ घेता येईल. मुलांना शाळेच्या आवारातून किंवा रस्त्यापासून सुरक्षित अंतरावरून दहा मिनिटे पाहावयास आणि ऐकावयास सांगावे. नंतर प्रत्येकाने वहीत चार स्तंभ करून मराठीत नोंद करावी. पहिल्या स्तंभात आरंभापासून अखेरपर्यंत पाहिलेल्या घटना, दुसऱ्यात चालू असताना पाहिलेल्या, तिसऱ्यात घडून गेल्यावर ज्यांचा केवळ परिणाम दिसला त्या, आणि चौथ्यात दुसऱ्याने सांगितलेल्या. बस थांबली आणि एक म्हातारी उतरली, हे पहिल्या स्तंभात जाईल. कुत्रे भुंकत होते, हे दुसऱ्यात. फांदी तुटून पडलेली होती, हे तिसऱ्यात. सकाळची बस उशिरा आली म्हणे, हे चौथ्यात. त्यानंतरच इंग्रजी वाक्ये करून घ्यावीत. पहिल्या स्तंभासाठी मूळ क्रियापद, दुसऱ्यासाठी ‘इंग’, तिसऱ्यासाठी भूतकालवाचक कृदन्त आणि चौथ्यासाठी ‘दॅट’. नियम पाठ करण्यापूर्वी त्याची गरज मुलांना कळते, आणि आपण जे पाहिले तेवढेच सांगावे, ही शिकवणही त्यांना सहज मिळते.

कार्यालयात भाषांतर करणाऱ्याने प्रत्येक ‘पाहिले’ व ‘ऐकले’पाशी थांबून स्वतःला काही प्रश्न विचारावेत. पाहणारा कोण आणि क्रिया करणारा कोण? क्रिया पुरी झालेली पाहिली की चालू असताना? क्रिया पाहिली की तिचा परिणाम? प्रत्यक्ष अनुभव आहे की दुसऱ्याकडून समजले? नकार पाहण्याला आहे की घडण्याला? उत्तर कागदात सापडत नसेल, तर अंदाजाने पूर्ण करण्यापेक्षा मराठीतील संदिग्धता जशी आहे तशी निदर्शनास आणून द्यावी. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनीही पंचनाम्यावर पंच म्हणून सही करण्यापूर्वी ‘पडलेले आढळले’ आणि ‘पडताना पाहिले’ यांतील भेद तपासून मगच सही करावी.

साक्षीदार बहुधा इंग्रजी जाणत नाही. त्याच्या नावावर इंग्रजीत काय लिहिले गेले, हे त्याला पडताळून पाहता येत नाही. तो आपले शब्द विश्वासाने दुसऱ्याच्या हाती देतो. त्याने अर्धे पाहिले असेल तर अर्धेच आणि पूर्ण पाहिले असेल तर पूर्ण त्या कागदावर उतरले पाहिजे; त्यात भर घालण्याचा अथवा त्यातून काही वजा करण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. ‘टू’ कोठे गाळावा आणि ‘इंग’ कोठे लावावा, हे नीट शिकणे हा त्या विश्वासाला जागण्याचाच एक भाग होय.